न जुळणारा विषय

“आई, तू आमच्यापासून पळून चालली आहेस का?”

प्रश्न सिद्धीचा नव्हताच मुळी. मुलगी बारावीत असताना कुणाची आई एम.टेक.चं एक सेमिस्टर करायला पाच महिने स्वीडनला जाते का, यावर शाळेच्या गेटवर चर्चा रंगली होती. आणि वर्गातल्या वेदिकानं डिवचलं होतं, वादविवादाचं बक्षीस मिरवतेस ना, मग घरी जाऊन हे विचारून दाखव. दोन महिन्यांपूर्वीची सिद्धी मान खाली घालून निघून गेली असती. पण स्टेजवर न अडखळता बोलता आल्यापासून तिला वाटायचं, आपल्याला विचारता येणार नाही असा प्रश्नच जगात नाही!

ओट्याशी इडलीच्या साच्यात पीठ घालणाऱ्या आईचा, सुचेताचा, हात क्षणभर थांबला... एवढंच. मग तिनं उरलेल्या वाट्या भरल्या, शांतपणे “नाही गं” म्हणाली आणि विचारलं, “तीन खाशील की चार?”

सिद्धीनं ते उत्तर वेदिकाला कधीच सांगितलं नाही.

त्याआधीचे रविवार किती वेगळे होते! एचएसआर लेआउटमधल्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर दोघी एकाच लॅपटॉपमध्ये डोकी घालून बसायच्या. सुचेताचं एम.टेक.चं शिक्षण नागपूरला अर्धवट सुटलं होतं; नवऱ्याला, जितेंद्रला, इकडे बोम्मसंद्राच्या कारखान्यात नोकरी लागली, सिद्धी झाली, आणि नगरनियोजनाची ती ओढ कुठेतरी मनाच्या तळाशी जाऊन बसली. आता इतक्या वर्षांनी ती पुन्हा वर आली होती; सुचेतानं इथल्या कॉलेजात नव्यानं नाव घातलं होतं आणि स्वीडनच्या सेमिस्टरसाठी तिची निवड झाली होती. नियम साधाच होता. तिकडे शिकलेला प्रत्येक विषय इथल्या कुठल्यातरी विषयाशी जुळायला हवा, तरच त्याचे क्रेडिट्स धरणार. तिकडचे तीस म्हणजे इथले वीस, आणि त्यात कमी पडलं की सेमिस्टर वाया. सिद्धीला हा जोड्या लावायचा खेळ भारीच आवडला होता. बर्फ वितळल्यावर शहरातलं पाणी कुठे जातं, असा एक विषय तिनंच शोधून काढला आणि म्हणाली, आपल्या रस्त्यावर पावसाचं पाणी तुंबतं ना, त्याचंच हे गोरं भावंड! त्या दिवशी आई पोट धरून हसली होती.

त्या प्रश्नानंतर मात्र आई एकटीच लॅपटॉप घेऊन बसू लागली. सिद्धी जवळ गेली की शेजारच्या कन्नड अक्कांसारखं “स्वल्प थांब”, जरा थांब, म्हणायची आणि झाकण मिटायची.

शनिवारी सकाळी कॉलेजच्या सरांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा सिद्धी तिथेच पोहे खात होती. सर गोंधळलेले दिसत होते. तिथे एका वेळी एकच विषय शिकवतात, एक संपला की दुसरा. मग सुचेतानं चारही विषय पहिल्या अर्ध्या भागात का कोंबले? हे कुणालाच झेपणार नाही, तिकडचे लोक परवानगीच देणार नाहीत.

“मला दिवाळीपर्यंत परत यायचंय सर,” आई म्हणाली. “मुलीची बारावी आहे.”

मग जाऊच नका, असं सरांनी सौम्य शब्दांत सांगितलं. अर्धे क्रेडिट्स घेऊन आलात तर सेमिस्टर फुकट जाईल. त्यापेक्षा जागा सोडा, दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.

“ठीक आहे... सोमवारी कळवते.”

आईनं कॉल बंद केला आणि सिद्धीची रिकामी बशी उचलून नेली. जणू दूधवाल्यालाच उद्या येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं! सिद्धीला मात्र आपलाच प्रश्न आठवला. पळून जाणारं माणूस परतीची वाट आधी आखतं का? स्टेजवर समोरच्याचा मुद्दा खोडायला तिला अर्धं मिनिट पुरायचं. आणि या बाईनं ‘नाही गं’पलीकडे एकही शब्द न बोलता स्वतःचं अवघं स्वप्न मुडपून तिच्या पुढ्यात ठेवलं होतं...

दुपारी पहिली पाळी संपवून बाबा आले. चहा झाला, तरी सिद्धी उठेना. शेवटी तिनं दोघांनाही समोर बसवलं. जितेंद्र बायकोकडे पाहून म्हणाला, “आली वक्त्याची स्वारी.” लेक मात्र हसली नाही.

“आई पूर्ण सेमिस्टर करणार,” सिद्धी म्हणाली. “चार विषय, एकामागून एक. जानेवारीत परत.”

“अगं, पण तुझी परीक्षा...” सुचेता म्हणाली. “पहाटे उठवणार कोण तुला? डबा...”

“तेच जुळवलंय मी. पहाटे उठवणं हा विषय बाबांकडे, नाहीतरी त्यांची पहिली पाळी असतेच. डबा मी करणार, शनिवारी बाबा. जळला तरी खायचा, तोंड वाकडं करायचं नाही.”

“मला कुकर लावता येतो,” जितेंद्र हळूच म्हणाला. मग बायकोकडे न बघता पुढे बोलला, “नागपूरला तू कॉलेज सोडलंस, तेव्हा मी तुला एकदाही थांब म्हटलं नाही. आता जा, सुचेता.”

सुचेतानं पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत तिनं ज्याची वाट पाहणंही सोडून दिलं होतं, ते वाक्य चहाच्या रिकाम्या कपांसमोर अवचित येऊन उभं राहिलं होतं!

“आणि आई, त्या दिवशी मी जे विचारलं...”

“ते जाऊ दे गं.”

“नाही, ऐक.” सिद्धीचा आवाज पहिल्यांदाच अडखळला. “सगळे विषय जुळले. एकच राहिला. रविवारी तू माझ्या डोक्याला तेल लावतेस ना, तो इथे कुणाशीच जुळत नाही. बाबांच्या हाताला ते येणार नाही. तो मी मागे ठेवतेय. जानेवारीत आलीस की एकदम पूर्ण करायचा. पण परत येण्यासाठी तुला आधी जावं लागेल, आई. सोमवारी सरांना हो म्हणून कळव. मी ठरवलंय.”