आधीचं नुकसान

विमान तीन तास उशिरा उतरलं. भाड्यानं गाड्या देणाऱ्यांच्या पाच खिडक्यांपैकी चार बंद होत्या, आणि पाचवीत एक बाई खांद्यावर स्वेटर टाकून जाग्या होत्या. पाऊण वाजला होता. माझ्या डोक्यात ताईचं एकच वाक्य फिरत होतं. "डॉक्टरांनी आईला घरी न्यायला सांगितलं, छोट्या. दोन दिवस डोळे उघडले नाहीत तिनं. सकाळपर्यंत तरी ये." मी एकोणपन्नास वर्षांचा आहे, डोक्यावर मोजके केस उरलेत, पण घरात अजून छोट्याच. घर तिथून एकशे तीस किलोमीटर. आई जिवंत असताना तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, एवढंच मला हवं होतं.

"एकच गाडी उरलीय," बाई म्हणाल्या. "लहान आहे. पांढरी."

"चार चाकं असली की झालं."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागद पुढे सरकवला. कागदावर गाडीचं चित्र छापलेलं होतं आणि त्यावर निळ्या शाईनं आधीच तीन फुल्या मारलेल्या होत्या. बंपरची डावी बाजू, बॉनेटची डावी कड, समोरच्या काचेचा डावा खालचा कोपरा. वर लिहिलं होतं, 'आधीचं नुकसान'.

इथे माझा धंदा सांगायला हवा. मी अपघात झालेल्या गाड्या तपासतो. गाडीला किती लागलं, कशानं लागलं, सांगणारा खरं बोलतोय की थापा मारतोय, हे विमा कंपनीला लिहून देतो. बावीस वर्षं झाली. कुणी नवी गाडी घेतली की मी आधी वाकून तिच्या कडा बघतो, त्यामुळे मित्रांनी बोलावणं सोडलंय.

वाहनतळावर गेलो. मोबाइलचा उजेड पाडून गाडी बघितली, मग हात फिरवला. डोळे फसतात, बोटं फसत नाहीत. ठोकून सरळ केलेला पत्रा, वरून मारलेला रंग, बदललेली काच, सगळं बोटांना कळतं. या गाडीला काहीही झालेलं नव्हतं. मी खिडकीशी परत आलो.

"अहो, गाडी धडधाकट आहे. या फुल्या दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या असतील."

बाईंनी काचेतून गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नीट बघितलंत?"

"माझं पोट त्यावर चालतं."

"मग सही करा. आधीचं आहे असं लिहिलेलं असलं की तुमच्यावर काही येत नाही. तुमच्याच फायद्याचं आहे."

एरवी असा कागद कुणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी त्याची चांगली हजेरी घेतली असती. न झालेल्या नुकसानावर मी जन्मात सही केलेली नव्हती. त्या रात्री केली, कारण भांडणात दहा मिनिटं गेली असती. बाईंनी किल्ली दिली, "सावकाश जा," म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

पहिला अर्धा तास मी गाडी पळवली. रस्ता मोकळा होता. आत नव्या प्लास्टिकचा वास होता आणि पायाशी गरम हवा येत होती. हात चाकावर होते, डोकं मात्र सवयीनं त्या तीन फुल्यांकडे गेलं. खांब असता तर बंपर आत गेला असता, काचेला काही झालं नसतं. जनावर असतं तर बॉनेट चेपलं असतं. बंपर, मग कड, मग काचेचा खालचा कोपरा. पाय, कंबर, डोकं. असे अहवाल मी ढिगानं लिहिलेत. पायी चालणारं माणूस, उंची चार फूट दहा इंचांच्या आसपास. समोरून आलेलं. गाडीचा वेग कमी, जवळजवळ थांबत आलेली.

पेट्रोलचा काटा खाली आला म्हणून पंपावर वळलो. पंपावरचे गृहस्थ वयस्कर होते, कानाला मफलर. त्यांनी आपणहून काच पुसायला घेतली, उजवीकडून डावीकडे, आणि शेवटचा कोपरा तसाच ठेवून हात मागे घेतला.

"तेवढंच का ठेवलंत?"

"तडा गेलाय ना साहेब. हाताला लागेल."

मी उतरलो. कोपऱ्यावर नख ओढलं. काच गुळगुळीत होती.

"कुठाय तडा?"

त्यांनी काचेकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "कुणाला लागलं का हो फार?"

ते दोन पावलं मागे सरले आणि हातातलं फडकं त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

त्यानंतर माझा पाय जड झाला. ऐंशीचा वेग साठ झाला, साठचा चाळीस. मी डोळ्यांत तेल घालून रस्त्याची डावी कड बघत होतो. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून पुढे जात होते. हे भूत आहे, शाप आहे, असलं काही माझ्या मनात आलं नाही. मला एवढंच कळत होतं की बावीस वर्षांत पहिल्यांदा एका गाडीचं नुकसान दुसऱ्यांना दिसतंय आणि मला दिसत नाही.

तीनला ताईचा फोन आला. "श्वास लांबायला लागलाय तिचा. कुठे आहेस?"

"अर्ध्यावर."

"अजून? गाडी चालवतोयस की ढकलतोयस?"

तिला काय सांगणार? मला रडू येत होतं. तिकडे आई चालली होती आणि इकडे मी न दिसणाऱ्या माणसाला वाचवत तीसनं चाललो होतो. स्वतःची लाज वाटली. पण वेग वाढवला नाही.

साडेचारच्या सुमारास परत फोन. ताई रडत होती की हसत होती, कळेना. "अरे, आई उठून बसली! पाणी मागितलं. छोट्या आला का, विचारतेय. स्वतःच्या हातानं केस नीट केले तिनं!"

माझ्या जिवात जीव आला. देवाचं नाव घेतलं, मोठ्यानं. तो आनंद पुढच्या वळणापर्यंत टिकला.

आई उभी राहिली की माझ्या खांद्याला लागते. चार फूट दहा इंच असेल. इतका वेळ मला ते सुचलं नव्हतं, कारण इतका वेळ आई अंथरुणावर होती.

"ताई, तिला उठू देऊ नकोस."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"मी येईपर्यंत फक्त. घराबाहेर पडू देऊ नकोस."

"बरं बाबा. तू ये."

आमचं घर टेकडीवर आहे. गाडीचा रस्ता वळसा घालून पुढच्या फाटकाशी जातो आणि पायवाटेच्या पायऱ्या मागून स्वयंपाकघराच्या दाराशी निघतात. मी गाडी टेकडीखाली, एका बंद दुकानासमोर उभी केली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकाखाली दगड लावला. दारं दोनदा तपासली.

मग पायऱ्या चढलो.

दोनदा वळून बघितलं. गाडी होती तिथेच होती. धाप लागली होती, पण मन हलकं झालं होतं. आता ती कुणाला काय करणार होती?

स्वयंपाकघरात दिवा होता. ताई गॅसपाशी उभी होती. मला बघून ती दचकली.

"मागून कसा आलास?"

"गाडी खाली ठेवली. आई कुठाय?"

"खाली?" ताई हसली, डोळे पुसत. "आत्ता तर फाटकाशी वळवलीस. पांढरीच ना? आईनंच खिडकीतून बघितली. मी म्हटलं, बस तू, मी चहा टाकते, तो येईलच आत."

मी आत धावलो. पलंगावर पांघरुणाची नीट घडी होती.

पुढचं दार उघडं होतं.

बाहेर फाटकाशी इंजिनाची घरघर चालू होती. त्या घरघरीच्या वरताण आईचा आवाज आला, खणखणीत, माझ्या लहानपणीचा.

"नको, नको, उतरू नकोस छोट्या. मीच येते पुढे."