यादीतलं पहिलं नाव

निलंबनाचं पत्र टाइप झालं होतं. फक्त सही राहिली होती, तेवढ्यात रुग्णालयाच्या अधीक्षकांनी काकांना फोन लावला. "काका, चार वाजेपर्यंत छडा लावा. नाहीतर नोंदणीच्या बाई घरी जातील."

काकांनी उसासा टाकला. एकवीस वर्षं रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळणाऱ्या या माणसाला सगळेच काका म्हणत. निवृत्तीला पाच महिने राहिले होते आणि कुणाच्या मागे लागायचं त्राण उरलं नव्हतं.

दानात आलेलं बुबुळ सर्वांत जास्त काळ वाट पाहणाऱ्या रुग्णाला मिळतं. सोमवारी ते मिळालं दोन महिन्यांपूर्वी नाव नोंदवलेल्या शिंप्याला. तीन वर्षं वाट पाहणारे एक मास्तर तसेच राहिले. त्यांच्या मुलीनं तक्रार केली. त्यात शिंपी निघाला बाईंच्याच गल्लीतला.

"शिंप्याशी ओळख आहे?" काकांनी बाईंना विचारलं.

"येताजाता दिसतो. म्हणून मी त्याचं नाव वर ढकलीन?" बाईंचे डोळे सुजले होते.

"मग फोन त्यालाच का केलात?"

"यादीत वर होता. बटण दाबायचं, पहिलं नाव घ्यायचं. अकरा वर्षं हेच करतेय. शिकवलंत तसंच."

"सोमवारी काही वेगळं वाटलं?"

"यादी चटकन आली. पूर्वी चहा पिऊन व्हायचा तोवर."

शनिवारीच डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली होती. काका जिना चढून ती बसवणाऱ्या इंजिनिअर तरुणीकडे गेले. गुडघे कुरकुरत होते.

"नोंदीत कुणी ढवळाढवळ केली?"

"नाही, काका. नवी आवृत्ती प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवते. शनिवारपासून मास्तरांच्या किंवा शिंप्याच्या नोंदीला कुणाचा हात लागलेला नाही. त्याआधीच्या बॅकअपमध्येही तारखा याच आहेत."

"आणि यादी एवढी झटपट कशी?"

"जुनी आवृत्ती सगळ्या लाखो नोंदी एकटीच वाचायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नवी काम चार भागांत वाटते, जणू चौघांना कामाला लावते. चौघे चार भाग वाचतात, ज्याला जे आधी सापडेल ते यादीत आधी."

"चाचणीत सगळं ठीक होतं ना?"

"चाचणीत पन्नासच नोंदी होत्या. तेवढ्यासाठी ती चौघांना उठवत नाही."

काकांनी यादीचं बटण दाबलं. वर शिंपी. पुन्हा दाबलं. वर एक गवंडी. तिसऱ्यांदा एक आजीबाई. काकांनी यादीचा प्रोग्राम उघडला आणि वाचला. वाचायची तशी गरज नव्हती.

पावणेचारला अधीक्षकांच्या खोलीत बाई उभ्याच होत्या.

"नोंदी कुणी बदलल्या नाहीत," काका म्हणाले. "यादी मागणाऱ्या प्रोग्राममध्ये 'बुबुळाची वाट पाहणारे द्या' एवढंच आहे. 'नोंदणीच्या तारखेप्रमाणे लावून द्या' हे कुठंच नाही. जुनी आवृत्ती नोंदी आल्या त्याच क्रमानं वाचायची, म्हणून जुनी नावं आपोआप वर यायची. सगळ्यांना वाटलं, यादी तारखेनंच लागते."

"म्हणजे नव्या आवृत्तीचा दोष?"

"तिचा काय दोष? मागितलं ते तिनं दिलं, तेही पटकन. मागणाराच चुकला."

"कोण?"

"मी. अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिला तो प्रोग्राम. पहिलं नाव घ्या हेही बाईंना मीच शिकवलं."

अधीक्षकांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "काका, पाच महिने राहिलेत. आवृत्तीवर ढकलू. तिला कोण विचारतंय?"

मोह झाला. काका इतके थकले होते की होय म्हणणं फार सोपं होतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"उद्या दुसरी कुठली यादी अशीच निघेल आणि तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी असंच उभं कराल. अहवालात माझंच नाव घाला."

बाईंनी आभार मानले नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या. "म्हणजे अकरा वर्षं मी बरोबर माणसाला फोन करत होते, ते..."

"नशीब," काका म्हणाले. "तुमचं आणि त्यांचंही. मला लाज वाटते, बाई."

बाईंबरोबर खाली नोंदणीच्या खोलीत येऊन त्यांनी प्रोग्राममध्ये ती एक ओळ घातली. बटण दाबलं. मास्तर वर आले. बुबुळ मात्र केव्हाच शिंप्याच्या डोळ्यात बसलं होतं, आणि दुसरं कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

बाईंनी फोनकडे हात नेला. "मास्तरांच्या मुलीला काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू," काका म्हणाले आणि त्यांनी फोन स्वतःकडे ओढला.