शिवणीवरचा ठोकळा

स्टीलची पट्टी ठोकळ्यावर उभी धरली, की मधोमध उजेडाची एक रेघ दिसत होती, केसापेक्षा जराशी जाड. राजलक्ष्मीने ठोकळा दाराकडे वळवून पुन्हा पाहिलं.

"मधे खोलगट आहे."

"कुठं?" नागेशने एक डोळा मिटून फटीतून पाहिलं. "मला तर पलीकडं तुमीच दिसताय."

"मग फट आहे ना!"

ओळख झाली ती एसटीमुळे. इंदापूरहून येताना गाडी भिगवणला बंद पडली. ऊन टाळायला ती समोरच्या, नागेशच्या लाकडाच्या वखारीत शिरली, आणि बाभळीचा एक टाकाऊ तुकडा हातात घेऊन उभी राहिली. पणदऱ्याच्या डेअरीत ती दूध तपासायची, आणि सुट्टीच्या दिवशी कापडाचे तुकडे जोडून गोधड्या शिवायची. जोड फुगत होते.

"एवढा तासून द्याल?"

"देतो की. पॉलिश मारू?"

"नको, कोरडाच हवा. वाफेची इस्त्री फिरवायची आणि लगेच वर हा दाबायचा. लाकूड वाफ शोषून घेतं, शिवण सपाट बसते."

"किती वेळ दाबायचा?"

"कापड गार होईपर्यंत."

"म्हंजे घाई करायची न्हाय," तो म्हणाला, आणि त्यानेही घाई केली नाही.

मग गोलाईच्या शिवणींसाठी त्याने भुसा चाळून उशी ठासून भरली. झंपराच्या बाह्यांना इस्त्री करायला दंडगोल केला. ती येई, तेव्हा तिच्या ओढणीला भुसा लागे. तो झटकायला हात पुढे करी... आणि मागे घेई. एकदा रंधा मारता मारता, मान वर न करता त्याने विचारलं, "मॅडम, हितंच राहाल का? कायमचं?"

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"ठोकळा बरोबर झाला की सांगते."

दोघं हसले.

पुढच्या खेपेला कडा बोचत होती. त्यानंतर एक कोपरा. "दूध बी एवढंच तपासता काय?" तो विचारायचा. "दूध कमी," ती म्हणायची. तो घासून डेअरीवर आणून द्यायचा, ती परत द्यायची. घरी वडिलांसमोर, आबांसमोर जेवताना एक वाक्य तिच्या जिभेवर यायचं. नागेशच्या आजोबांची मेंढरं होती, आबांचा ऊस. सोयरीक आपल्यातच बरी, असं आबा भाकरी मोडता मोडता सहज म्हणायचे, आणि ते वाक्य घासाबरोबर आत जायचं.

हळूहळू नागेश हसेनासा झाला.

थंडीत एका दुपारी तो डेअरीच्या फाटकाशी आला. ठोकळा वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"ह्याच्याहून सपाट मला जमत न्हाय. रविवारी कळसचे पाव्हणे माझ्या सोयरिकीचं बोलायला येणार हायेत. आईनं बोलावलंय. माझंच काम कच्चं, म्हणून तुमी सांगत न्हाय, असं वाटत होतं मला..."

"ठोकळा दसऱ्यालाच बरोबर झाला होता."

"मग परत का देत होता?"

"तुम्ही पुन्हा यावं म्हणून."

"आवो, मी तसाच आलो असतो की. आबांना मी विचारतो. आजच येतो. पाव्हण्यांना नको म्हणून सांगतो. फक्त थांब म्हणा."

फाटकातून दुधाचा टँकर आत आला. दोघं बाजूला सरले, आणि क्षणभर त्याचा हात तिच्या हाताला लागला. या वेळी त्याने तो मागे घेतला नाही. तिनेही नाही. टँकर गेला तरी दोघं तसेच उभे होते.

"आबा नाही म्हणतील," ती म्हणाली.

"म्हणू द्या. तुमी काय म्हणाल?"

"मी गप्प बसेन. इतके महिने तेच करतेय."

तिने हात सोडवून घेतला.

"नागेश, मी भिगवणला राहायला येणार नाही. रविवारी त्यांना येऊ द्या."