वाळूचं घमेलं

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण वारा पडलेला. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. अशा कुंद सकाळी दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला नेहमीसारखं वाळूच्या घमेल्यासमोर बसवलं.

रंधा मारायच्या मशीनमध्ये माझा उजवा हात गेला होता. तुटलेल्या नसा डॉक्टरांनी जोडल्या, पण बोटं वाकडी नि बधिरच राहिली. चटका बसला तरी कळायचं नाही. "दुपारी बघतो. जाणीव नसेल तर ही दोन बोटं काढलेली बरी," असं डॉक्टर सांगून गेले होते. सुताराची बोटं म्हणजे त्याचे डोळेच की हो!

"वाळूत बटण आहे, बाबा. शोधा," म्हणत बाईंनी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

"जन्मभर माझा हात धरलात, आता एवढंसं बटण धरवेना होय?" बायको म्हणाली. थट्टाच करत होती, पण आवाज ओला होता.

हात आत गेला. नुसता ओंडका. कितीतरी वेळ वाळूची सरसर तेवढी कानावर येत होती. मग पंखा बंद पडला. कुठूनसा ओल्या मातीचा वास आला… आणि वाळूखाली कुणीतरी माझा हात धरला.

बधिर बोटांना ते धरणं कळलं, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

"अगं, सोड…"

"अहो, काय सोडू? मी तर दाराशी उभी आहे."

तो हात उबदार होता, खरबरीत. तान्ह्याची मूठ आई उघडते ना, तसं त्यानं माझं एकेक बोट हलकेच सरळ केलं. तळव्यावर काहीतरी ठेवलं, वर माझी मूठ मिटली… आणि गेला. भीती वाटायला हवी होती. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"बटण," मी कसंबसं म्हणालो. "चार भोकांचं… एक कड फुटलीय."

पट्टी सुटली तेव्हा बाईंचे डोळे भरले होते. मी घमेलं पालथं करायला लावलं. नुसती वाळू.

दुपारी डॉक्टरांनी सुई टोचली. मी "आई गं!" करून ओरडलो, आणि सगळे हसले. बोटं वाचली.

घमेल्यातलं मी कुणापाशी बोललो नाही. संध्याकाळी वॉर्डात खाटेवर येऊन टेकलो. शेजारच्या खाटेवर एक ट्रकवाला होता. त्याचा हात मनगटापासून कापावा लागला होता, आणि तापानं तो सकाळपासून उठलासुद्धा नव्हता. माझ्याकडं बघून तो दमल्यासारखा हसला. म्हणाला,

"बोटं किती गार पडली होती हो तुमची, बाबा… उघडता उघडत नव्हती."