सैल सोडलेला पाय

"जनावरांचा दवाखाना हाच ना? मी नवा डॉक्टर."

हातातला शाईचा रोलर तसाच धरून ती बघत राहिली. "दवाखाना शेजारी. तुम्ही चित्रांच्या छापखान्यात शिरलात."

"पण दारावर तर बैल आहे…"

तिला हसू आवरेना. दारावरच्या त्या चित्रात जेमतेम पाच रेघा होत्या. तिच्या सख्ख्या बहिणीलाही तो डोंगर वाटला होता. या गृहस्थाने मात्र चालता चालता बैल ओळखला!

तेव्हापासून डॉक्टर चहाच्या वेळी हमखास टपकू लागले. ती प्राण्याच्या चित्रातली एकेक रेघ कमी करायची, ते तरीही ओळखायचे.

"आज हरलात तर?"

"उद्या परत येईन."

"आणि जिंकलात तर?"

"तरीही…"

ते तिला आवडू लागले होते, चांगलेच. पण या मेल्याच्या तोंडी सदा जनावरंच!

प्रदर्शनासाठी ती घोडा छापत होती. लिनोचा, म्हणजे रबरासारख्या मऊ तक्त्याचा, एकच तुकडा कोरायचा, एक रंग छापायचा, मग तोच तुकडा आणखी कोरून त्याच कागदांवर पुढचा रंग चढवायचा. कोरलेलं परत येत नाही. त्यात ठशावर सगळं उलटं. घोडा तर आटत आटत इतका साधा झाला होता, की मान कुठली नि शेपूट कुठलं हे तिचं तिलाच कळेना. शेवटच्या काळ्या रंगाआधी पुढच्या पायाची टाच कोरून उडवायची होती. तिने मागच्याची उडवली, नि काळा रंग छापल्यावरच ते ध्यानात आलं.

डॉक्टर आले तेव्हा तिचे डोळे भरले होते. "सगळी मेहनत पाण्यात गेली. घोडा लंगडा झाला."

त्यांनी ओली छाप बराच वेळ न्याहाळली. "लंगडा नाही. निवांत घोडा मागचा एक पाय असाच सैल सोडतो, नुसतं टोक टेकवतो. इथून पळायची गरज नाही, अशी खात्री पटली तरच."

"खरं सांगताय, की माझी समजूत काढताय?"

"समजूत काढायची असती तर चित्र फार सुंदर आहे म्हणालो असतो."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने छाप पुन्हा पाहिली. इतके दिवस अवघडून उभा असलेला घोडा आता खरंच विसावला होता.

"इथे आलो ना… की माझंही तसंच होतं," डॉक्टर हळूच म्हणाले.

"मला वाटायचं, तुम्ही या जनावरांसाठी येता."

"जनावरं मला दिवसभर दिसतात. तू दिसत नाहीस."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिने शाईने माखलेला हात पाठीमागे लपवला — त्याने तो अलगद हातात घेतला.

"उद्यापासून चहाला येऊ नकोस," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. "घरी जेवायलाच ये. आईला सांगून ठेवलंय."

"काय सांगितलंस? आणि कधी?"

"तू येशील म्हणून. बरेच दिवस झाले," ती म्हणाली, आणि तिने हात सोडवून घेतला नाही.