लाल रंग लावून बघा

लोकांचं शौच तपासणं हे माझं काम. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतोय. घरी मला कामाबद्दल कुणी विचारत नाही. जेवताना तर नाहीच.

वरच्या वॉर्डातल्या शिंप्याला एचआयव्ही होता. बायको गेल्यावर त्याने गोळ्या सोडल्या. दीड महिना जुलाब थांबेनात, अंगावर नुसती हाडं राहिली. मी तीनदा नमुना तपासला आणि तिन्ही वेळा लिहून दिलं: काही आढळलं नाही.

चौथ्यांदा त्याच्या नमुन्याची डबी घेऊन एक बाई खिडकीवर आली. सकाळचे अकरा वाजले असतील. फार हडकलेली, पण केस चापूनचोपून विंचरलेले, भांग जरा वाकडा.

"याला लाल रंग लावून बघा," ती म्हणाली. "माझ्या वेळी राहून गेलं होतं."

आवाजात तक्रार नव्हती. भाजीत मीठ राहिलंय, असं सांगावं तशी बोलली.

तो रंग डॉक्टरांनी लिहून दिला तरच आम्ही लावतो, वेळखाऊ काम. तरी लावला. निळ्यावर गुलाबी गोल ठिपके, मूठभर उधळल्यासारखे. हे ठिपके म्हणजे एक परजीवी, दूषित पाण्यातून पोटात जातो. धडधाकट माणसाला दहा-पंधरा दिवसांत सोडतो. शिंप्यासारख्याला सोडत नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, खरा इलाज एकच, एचआयव्हीच्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या. शिंप्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याला समजवावं म्हणून मी डबी घेऊन आलेल्या बाईची गोष्ट काढली. तो म्हणाला, त्याला भेटायला कुणीच येत नाही. मग मी तिचं वर्णन केलं.

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं.

"वाकडा भांग मी पाडलेला," तो म्हणाला. "तिला न्यायच्या आधी."

मी खाली येऊन दोन वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. त्याची बायको. तेच जुलाब. काही आढळलं नाही. सही माझी.

पुन्हा जिना चढलो आणि त्याला सगळं सांगितलं.

"रागावली होती का ती?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग द्या गोळ्या."

दोन महिन्यांनी तो स्वतःच्या पायांनी घरी निघाला. मी दारापर्यंत सोडायला गेलो. पाणी उकळून प्या, म्हटलं. तो हसला.

ते स्प्रिंगचं दार सगळ्यांच्या मागे धाडकन आपटतं. तो बाहेर पडला.

दार तसंच उघडं राहिलं. अजून एक माणूस जाईल इतका वेळ.

मग हळूच, आवाज न करता, लागलं.