शिवणाच्या मावशींचा कॉम्प्युटर

गच्चीवरचा दिवा थोरल्या काकांनी स्वतः उठून मालवला आणि ते पुन्हा चटईवर येऊन बसले.

"काका, हडळ असेल तर मी आत्ताच खाली जाते," धाकटी पुतणी म्हणाली.

"हडळ नाही. कॉम्प्युटर आहे."

"कॉम्प्युटरचं भूत?" मोठा पुतण्या फिदीफिदी हसला. "ते तर आमच्या ऑफिसात रोज दिसतं!"

"हसून घे बाबा. हे ज्याच्यासमोर घडलं तो फुंक्या माझ्याच वर्गातला. त्याच्या तोंडून ऐकलंय मी."

मग काका सावकाश सांगू लागले.

फुंक्याचे खरे नाव कोणी घेत नसे. त्याचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे छोटेसे दुकान होते, आणि कोणताही डबा उघडला की तो आधी गाल फुगवून आतली धूळ फुंकत असे. त्यावरून हे नाव पडले. कामात मात्र तो पक्का होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, थांबायचे, पाहायचे आणि मगच दुसरीला हात लावायचा, हा त्याचा शिरस्ता.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारची रात्र होती. नऊच्या सुमारास, पिशवीत एक नवी डिस्क टाकून, तो शिवणाच्या मावशींकडे निघाला. मावशींनी आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवले होते. पुढे त्यांची दृष्टी गेली. मुलगा छापखान्यात कामाला होता आणि रोज रात्री आईला पुस्तक वाचून दाखवीत असे. त्याला रात्रपाळी लागली, तेव्हा तो दुपारी छापखान्याच्या मागच्या खोलीत एकटाच बसून आपले वाचन ध्वनिमुद्रित करू लागला, आणि आई ते रात्री घरच्या कॉम्प्युटरवर ऐकू लागली. दोन वर्षांपूर्वी मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. मागे राहिला तो त्याचा आवाज, आणि तो आवाज साठवलेला डबा.

हा डबा मध्येच बंद पडे. कधी पाऊण तासाने, कधी दोन तासांनी. दिवसा मात्र कधीच नाही. फुंक्याने पॉवर सप्लाय बदलला, मग मेमरी, मग पंखा. दुकानात नेऊन तीन दिवस अखंड चालवला. यंत्र शहाण्या मुलासारखे चालले. घरी आणले, की त्याच रात्री बंद. या शोधाशोधीत आतल्या आवाजाची एक प्रत आधी काढून ठेवावी, हे मात्र त्याने केले नाही. दोष सापडेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, ही त्याची खोड त्याला नडली. कारण त्या संध्याकाळी मावशींचा फोन आला : "अरे, आतून कोणीतरी नखानं ठोकल्यासारखं वाजतंय."

फुंक्या काय ते समजला. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. अशा अवस्थेत ती हलवणेही धोक्याचे होते. प्रत काढायची ती तिथेच, त्या टेबलावर, आणि त्याच रात्री.

"या फुंकरशेठ!" मावशींनी दार उघडले. "सगळे अवयव बदललेत त्याचे. आता तुमचा स्वतःचा एखादा बसवणार आहात का?"

"टोमणे नंतर मारा, मावशी. आधी प्रत काढू द्या."

मावशींचा हात दाराच्या कडीवरच राहिला. "त्याचा आवाज जाणार नाही ना रे?"

फुंक्याने बुटांच्या नाड्या सोडायला बराच वेळ घेतला.

काम सुरू झाले. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. दोन दिवस अंगात कसकस असूनही मावशी शाल गुंडाळून शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. अर्धा-पाऊण तास गेला असेल. खट्. पडदा काळा झाला. खोलीतला दिवा जळतच होता आणि प्लगही जागच्या जागी होता.

मावशी दचकल्या. "पडला ना बंद? जरा डोळा लागला होता माझा."

"तुम्ही आत जाऊन पडा बरं," फुंक्या म्हणाला आणि त्याने यंत्र पुन्हा सुरू केले. डिस्क कण्हली, अडखळली आणि फिरली. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून मंद घोरणे ऐकू आले.

खट्.

फुंक्या बसल्या जागी थिजला. मग उठून तो आतल्या दाराशी गेला.

"मावशी... हा बंद पडतो, तेव्हा तुम्ही काय करत असता?"

"मी काय करणार? ऐकता ऐकता झोप लागते. जाग येते तेव्हा सगळं शांत." मावशी उठून बसल्या. त्यांचा आवाज बदलला. "तोही असंच करायचा. माझा डोळा लागला की पुस्तक मिटायचा, दिवा घालवायचा. म्हणायचा, आई, तू झोपल्यावर मी वाचू कुणाला?"

फुंक्याने मागे वळून काळ्या पडद्याकडे पाहिले. त्याने आजवर सगळे बदलून पाहिले होते. मावशींची झोप तेवढी राहिली होती.

त्याने यंत्र पुन्हा सुरू केले; चौथ्या प्रयत्नाला डिस्क कशीबशी फिरली. आता थांबली तर पुन्हा फिरणार नव्हती.

"मावशी, ही पट्टी भरेपर्यंत झोपू नका."

"किती वेळ?"

"पहाट होईल."

"होऊ दे," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसल्या.

त्याने त्यांना कडक चहा करून दिला. डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवली. बाह्या कशा बेततात, काज कसे करतात, सुचेल ते विचारले. मावशी सांगत राहिल्या. दोन वाजले. तीन वाजले. टकटक वाढली. मावशींची मान कलली, की पडदा लुकलुके. फुंक्या ओरडे. मान सावरे. पडदा स्थिरावे. त्यांना झोपू द्यावे, असे त्याला शंभरदा वाटले. शंभरदा त्याने पट्टीकडे पाहिले.

"दमले रे..."

"थोडंच राहिलंय, मावशी. बोला. बोलत राहा."

"हं..."

"कॉलर कशी लावतात?"

"आधी... उलटी बाजू..."

"मग?"

"..."

"मावशी?"

फुंक्याने वळून पाहिले. हनुवटी छातीला टेकलेली. पापण्या मिटलेल्या. त्याने श्वास रोखला. आता खट् होणार. आता.

झाले नाही.

पंखा फिरत होता. पट्टी सरकत होती. एक मिनिट. दोन मिनिटे. सगळी पट्टी भरली.

"झालं, मावशी! झालं!" त्याला हसू फुटले. "आता खुशाल झोपा..."

त्याने त्यांचा खांदा हलवला. हात खुर्चीवरून घसरला आणि लोंबत राहिला. श्वास नव्हता.

मावशी झोपल्या नव्हत्या.

काका थांबले. 

"त्यानंच जागवलं ना त्यांना...?" धाकटीने हळूच विचारले.

काकांनी पुढचे सांगायला घेतले.

ती जुनी डिस्क पुन्हा फिरली नाही. महिनाभराने, भर दुपारी, दुकानाची दोन्ही दारे उघडी ठेवून फुंक्याने प्रत लावली. मुलाचा आवाज स्वच्छ होता. एक पान झाले. दुसरे झाले. मग वाचता वाचता तो अडखळला... थांबला... जणू वर मान करून कोणाकडे तरी पाहत होता.

आणि ध्वनिमुद्रणात, मुलाच्या आवाजाच्या अगदी जवळून, शाल सावरल्यासारखी सळसळ होऊन, म्हातारा, दमलेला आवाज आला :

"वाच रे पुढं. जागी आहे मी."